बत्तीस नंबरची ओ

गुरुमूर्ति सार हजेरी डोळे मिटून घेत.

वर्गात आले की खुर्ची जराशी भिंतीकडे वळवायचे, हजेरीबुक मांडीवर उघडायचे, त्यावर फूटपट्टी आडवी ठेवायचे आणि दुपारच्या झोपेत उतरणाऱ्या माणसासारख्या पापण्या हळूच खाली सोडायचे. मग घशाच्या तळातून पहिला नंबर यायचा. नंबरामागे नाव, लांबवलेलं, शेवटच्या अक्षरावर एक झोका दिलेलं. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी उभं आहे, त्याला हाक मारायची आहे आणि घाई काहीच नाही, होडी संध्याकाळपर्यंत आहे, अशी ती हाक असे.

समोरून ओ यायची. "उळ्ळेन् ऐया." म्हणजे, आहे मी, सर. फूटपट्टी एक ओळ खाली सरकायची, पेन्सिल खूण करायची, आणि पुढचा नंबर. दहावी 'ब'मध्ये बेचाळीस मुली होत्या. बेचाळीस हाका, बेचाळीस ओ. तोवर खिडकीतलं ऊन एक फरशी ओलांडून दुसऱ्या फरशीवर गेलेलं असायचं आणि मागच्या बाकावरच्या दोघीतिघी खरोखर पेंगायला लागलेल्या असायच्या. तास संपला की सार शिक्षकांच्या खोलीत बसून त्या पेन्सिलीच्या खुणांवर निळी शाई फिरवायचे.

"डोळे कशाला मिटता, सार?" असं एकदा कुणीतरी विचारलं होतं.

"उघडे ठेवले तर बेचाळीस गणवेश दिसतात," सार म्हणाले होते. "मिटले की मुली."

हे वाक्य कीर्ति हुबेहूब म्हणून दाखवायची. कीर्ति तिसऱ्या बाकावर बसायची आणि तिच्या घशात अख्खं कुंभकोणम बिऱ्हाडाला आलेलं होतं. तिरुवलंचुळीच्या बसचा कंडक्टर, "वलंचुळी वलंचुळी वलंचुळी, आत सरका, आत अजून गाव वसेल." कोपऱ्यावरचा कॉफीवाला रंगा, म्हणजे त्याचं बोलणं नव्हे, तो फारसं बोलतच नाही, त्याची कॉफी. पेल्यातून डबऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, हातभर उंचीवरून पडणारी धार, आधी जाड, मग बारीक, मग फेस. ही धार कीर्ति गालातल्या गालात काढायची आणि ऐकणाऱ्याला तोंडात कडू-गोड चव यायची. मुख्याध्यापिका त्रिपुरसुंदरी मॅडम तर तिचा खास जिन्नस. आवाज नाकातून, शब्द मोजून, आणि विचारात पडल्या की डावा पंजा टेबलावर पालथा ठेवून पेनच्या टोपणानं बोटांच्या कडेकडेनं फिरत राहायचं. ही नक्कल बघून मुली बाकाखाली जायच्या.

सारांची नक्कल मात्र तिनं एकदाच केली. डोळे मिटले, पहिला नंबर पुकारला, आणि कुणीच हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या अलमेलुनं चक्क "उळ्ळेन् ऐया" म्हटलं. कीर्तिनं डोळे उघडले तेव्हा सगळ्या तिच्याकडे जरा घाबरून बघत होत्या. त्यानंतर तिनं तो आवाज कप्प्यात ठेवून दिला.

सार मेलकावेरीत राहायचे, सायकलवरून यायचे. दोन तऱ्हेचे सदरे, पांढरा आणि कमी पांढरा. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा कोइमतूरला. घराणं मराठी. त्यांचे कुणी पूर्वज तंजावरच्या दरबारात येणाऱ्याजाणाऱ्याची नावं पुकारायच्या कामावर होते असं सांगत. खरं असेल, नसेल. पण एकतीस वर्षांत तीनदा बढती चालून आली आणि तिन्ही वेळा सारांनी नको म्हटलं, कारण मुख्याध्यापकाला हजेरी घ्यायला मिळत नाही. हे मात्र शाळेतल्या शिपायापासून सगळे सांगत.

कीर्तिचं घरही मराठीच. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर चपलेत पाय घातला की तमिळ. हा नियम दोघांच्याही घरात इतका जुना की शाळेत दोन वर्षं समोरासमोर असून सार तिच्याशी एक अक्षर मराठी बोलले नव्हते आणि तिलाही कधी ते सुचलं नव्हतं.

शिकवायचे भूगोल. कावेरी आली की सार फळ्यावर डावा पंजा पालथा ठेवायचे आणि खडूनं बोटांच्या कडेनं रेघ ओढायचे. पंजा उचलला की फळ्यावर मनगटाकडून येणारी एक नदी आणि तिला फुटलेली पाच बोटं. "हे मनगट, इथपर्यंत ती एकटी. समुद्र जवळ आला की तिला एकटीनं जाववत नाही. ही कोळ्ळिडम, ही अरसलार, ही कुडमुरुट्टी..." मग प्रत्येकीनं आपापल्या वहीत आपापली कावेरी काढायची. कुणाची लांबोडकी, कुणाची गुबगुबीत, अलमेलुच्या कावेरीला अंगठी. गावात आजही बँकेत, दवाखान्यात, कापडाच्या दुकानात एखादी बाई बोलता बोलता पंजा टेबलावर पालथा ठेवते आणि त्याच्याकडे बघत राहते. ती कुणाच्या वर्गात होती हे विचारावं लागत नाही.

कार्तिकातल्या पावसात भारतीची आई पाय घसरून पडली, तिथून गोष्ट सुरू झाली.

भारती म्हणजे बत्तीस नंबर, कीर्तिच्या शेजारची. पापनाशम्हून रोज पॅसेंजरनं यायची, आणि तिची ओसुद्धा गाडी पकडल्यासारखी यायची. "उळ्ळेन्नैया." मधे जागा नाही, शेवट वर उचललेला. तिची आई भवानी पापनाशम्च्या बस स्टँडपाशी फुलं विकते. पाय मोडला, प्लास्टर चढलं, दोन महिने उठायचं नाही. स्टँडवर बसणार कोण, तर भारती.

आणि भारतीचे दिवस आधीच सरलेले होते. जूनमध्ये तिला टायफॉइड झाला होता, महिना त्यात गेला. शेकडा पंचाहत्तर हजेरी नसेल तर दहावीच्या परीक्षेला बसता येत नाही. दोघींनी कॅलेंडर घेऊन मोजलं. आता फक्त नऊ दिवस चुकवता येत होते. प्लास्टरचे दिवस त्याच्या किती पट.

"पुढच्या वर्षी बसेन," भारती फोनवर म्हणाली.

"पुढच्या वर्षी तुझी आई तुझं लग्न काढून बसेल," कीर्ति म्हणाली. "तू फुलं विक. इथली ओ मी देते."

"सारांना कळेल."

"डोळे मिटलेले असतात, अग. माझ्यासाठीच मिटलेत ते."

पहिल्या दिवशी एकतीस नंबर झाला, आणि कीर्तिनं श्वास घेऊन, तोंडावर वही धरून, गाडी पकडली. "उळ्ळेन्नैया." फूटपट्टी सरकली. पेन्सिलीनं खूण केली. तेहतीस. वर्गात कुणाची पापणी हलली नाही, कारण वर्गाला हे आधीच माहीत होतं आणि वर्ग कीर्तिचा होता. तेहतिसावी ओ मात्र हसू दाबून आली.

मग दिवस एकात एक विरघळत गेले. बाहेर पाऊस यायचा, थांबायचा, शाळेमागच्या रामराव तळ्यावरून शेवाळाचा वास यायचा, आणि रोज सकाळी बत्तिसाव्या हाकेला कीर्तिच्या गळ्यातून भारती निघायची. हळूहळू तिला रिकाम्या बाकावर बसलेली भारती दिसूही लागली. डबा खाताना ती सवयीनं उजवीकडे सरकून जागा ठेवायची.

दोन गोष्टी चमत्कारिक होत्या. एक म्हणजे भारतीला फोनवर धड्यातलं काही समजावून सांगावं लागत नसे. "आज वारे झाले," कीर्ति म्हणायची, तर पलीकडून, "हो, परतीचे, माहीत आहे." बस स्टँडवर बसून हिला वारे कुणी सांगितले? दुसरी म्हणजे सारांच्या अंगाला रोज सकाळी मोगऱ्याचा वास येऊ लागला. एकदा हजेरीबुकातून सुकलेली कळी खाली पडली. अलमेलुनं ती उचलली आणि मधल्या सुटीत जाहीर केलं की सारांचं कुठेतरी जमलेलं आहे.

"या वयात?"

"वयाचं काय. अकरा वर्षं थांबले बिचारे."

कीर्तिनं लगेच तो प्रवेश बसवला. सार सायकलवरून उतरतात, डोळे मिटतात आणि कुण्या बाईच्या दारात पुकारतात, "नंबर एक." बाई आतून लाजून, "उळ्ळेन् ऐया." मुली इतक्या हसल्या की पीटीच्या बाई बघायला आल्या.

डिसेंबरात एका मंगळवारी हजेरी चालू असताना त्रिपुरसुंदरी मॅडम वर्गात आल्या. सारांनी डोळे उघडले नाहीत. मॅडम भिंतीच्या कडेनं मागे गेल्या, ओठ हलवत डोकी मोजत पुढे आल्या आणि नेमक्या तिसऱ्या बाकाशी थांबल्या. कीर्तिच्या खांद्याला त्यांच्या पदराची किनार लागत होती.

"एकतीस. भुवना."

"उळ्ळेन् ऐया."

"बत्तीस. भारती."

कीर्तिनं श्वास घेतलेला होता. तो छातीत तसाच राहिला. वर पंखा किरकिर करत फिरत होता, पलीकडच्या वर्गात कुणी पाढा म्हणत होतं. सार थांबले. त्यांना घाई नसायचीच, पण इतका वेळ ते कधी थांबले नव्हते. मग त्यांनी डोळे उघडले. हजेरीच्या मध्यात सारांचे उघडे डोळे कुणी पाहिलेले नव्हते. तपकिरी होते आणि जरा पाणावलेले.

"बत्तीस नंबर पापनाशम्ला आहे," ते म्हणाले.

"बुकात रोज बेचाळीस खुणा आहेत, सार," मॅडम म्हणाल्या. "डोकी एकेचाळीस."

"तिची ओ संध्याकाळी येते, मॅडम."

"हजेरीबुक घेऊन ऑफिसात या."

ते दोघे गेल्यावर वर्ग माशांसारखा तोंडं उघडून बसला. संध्याकाळी म्हणजे काय? कीर्तिला काहीच कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की सार मे महिन्यात निवृत्त व्हायचे आहेत, आणि खोट्या हजेरीची चौकशी लागली तर ती त्यांच्यावर लागेल. ती उठली आणि कुणाला न विचारता बाहेर पडली.

"तुला कुणी बोलावलं?" मॅडमनी दारातच विचारलं.

"कुणी नाही, मॅडम. बत्तीस नंबर मी बोलत होते. सारांना माहीत नाही."

"बोलत होतीस म्हणजे?"

कीर्तिनं श्वास घेतला आणि बोलून दाखवलं. मॅडमची नजर तिच्यावरून सुटून दाराकडे गेली, भारती आली की काय म्हणून. मग परत आली ती जास्तच कडक होऊन. "सार, अख्ख्या महिन्यात तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं," सार म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

त्यांनी पिशवीतून एक चाळीस पानी वही काढली आणि टेबलावर ठेवली. पानापानावर तारीख, त्या दिवशी शिकवलेला धडा, आणि खाली भारतीची सही. तेवीस पानं भरलेली. मधल्या एका पानात मोगऱ्याची कळी चपटी होऊन बसली होती. कीर्ति त्या कळीकडे बघत राहिली, आणि अलमेलुला व वर्गाला हसवलेला तो प्रवेश आठवून तिचे कान तापले.

मॅडमनी हजेरीबुक उघडलं. सगळ्या ओळी निळ्या. बत्तिसाव्या ओळीत तेवीस खुणा तेवढ्या पेन्सिलीच्या.

"शाई का नाही फिरवली?"

"हात झाला नाही," सार म्हणाले. "खोडायलाही झाला नाही. रोज वाटायचं, आज काहीतरी ठरवू. मग पाचची गाडी यायची."

मॅडमनी डावा पंजा टेबलावर पालथा ठेवला. पेनचं टोपण अंगठ्यापाशी निघालं, बोटाबोटाच्या कडेनं चढत-उतरत करंगळीपर्यंत गेलं. कीर्तिनं ही नक्कल शंभरदा केली होती. आज पहिल्यांदा तिला दिसलं की मॅडम काय काढताहेत. कोळ्ळिडम, अरसलार, कुडमुरुट्टी.

"मुलीला बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही," टोपण थांबलं. "संध्याकाळी मी तुमच्याबरोबर येते. आणि तूही. घरी फोन करून सांग. तुझ्या स्वतःच्या आवाजात."

पॅसेंजर दारासुरम् सोडून निघाली तेव्हा दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं पाण्यानं भरलेली होती आणि आभाळ वर कमी, खाली जास्त होतं. एक बगळा गाडीबरोबर उडत राहिला. मॅडम पुढच्या बाकावर कागद वाचत बसल्या होत्या. कीर्ति सारांच्या शेजारी. स्वामिमलै गेलं. मग सार खिडकीबाहेर बघत मराठीत म्हणाले, घरच्या मराठीत, उंबऱ्याच्या आतल्या,

"आवाज बरा काढतीस गो."

कीर्ति दचकली. चपला पायात असताना तिला कुणी असं बोललेलं नव्हतं. "मग तुम्हांला कळलें कसें, सार?"

"तूं श्वास घेऊन बोलतीस. ती बोलून मग श्वास घेते. धांवत येणारीं माणसें तशींच."

कीर्तिनं मनातल्या मनात करून पाहिलं. खरं होतं. "मग सांगितलें कां नाहीं?"

"सांगितलें असतें तर तूं थांबली असतीस. बाकावर कोणी तरी तिची जागा राखत होतें, तें मोडावेंसें वाटलें नाहीं." ते पुढे म्हणाले, "पण बुकांत खोटें पडूं लागलें. म्हणून जात राहिलों. तिथें जाऊन ओ घेतली कीं तेवढ्यापुरतें खरें होतसें."

"भारतीनें मज काहीं सांगितलें नाहीं."

"मींच नको म्हटलें. म्हटलें, कीर्तिचा आवाजांचा अभ्यास चालला आहे, चालूं दे." आणि सार हसले. आवाज न करता, नुसत्या खांद्यांनी. हे हसणं कीर्तिच्या संग्रहात नव्हतं.

पापनाशम्च्या स्टँडपाशी ओल्या गोणपाटावर मोगऱ्याचा ढीग होता. मागे प्लास्टिकच्या खुर्चीत भवानी, प्लास्टरचा पाय एका डब्यावर. भारती दातात दोरा धरून कळ्या गुंफत होती. इथे फुलं कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून देतात, आणि भारतीचा हात आईच्या हातापेक्षा दोन बोटं लांब.

"हिच्या हातानं माझं दिवाळं निघणार," भवानी गिऱ्हाइकाला सांगत होती. "घ्या, घ्या, शाळा बुडवून लुटवतेय पोरगी." मग तिनं मॅडमना पाहिलं आणि बसल्या बसल्या पदर सावरला.

मॅडम उभ्याच राहिल्या. नमस्कार नाही, चौकशी नाही. "कुडमुरुट्टी कुठून फुटते?"

भारतीनं दातातला दोरा काढला. ओला डावा पंजा गोणपाटावर पालथा ठेवला, आणि दोऱ्याचं टोक एका बोटाच्या मुळाशी टेकवून वरवर नेलं. "इथून, मॅडम. आणि आपण इथे." तिनं पंजा उचलला. गोणपाटावर क्षणभर पाण्याची नदी राहिली.

मॅडम त्या नदीकडे बघत राहिल्या, ती सुकेपर्यंत.

सार रोजच्या सवयीनं एका उलट्या टोपलीवर बसले, वही मांडीवर घेतली, डोळे मिटले. बस मागे घेणारा "येऊ दे, येऊ दे" ओरडत होता, भजीवाला तेलात झारा आपटत होता. त्या सगळ्याखालून ती हाक आली, लांब, झोका दिलेली. "बत्तीस. भारती."

"उळ्ळेन् ऐया."

कीर्तिनं चटकन भारतीकडे पाहिलं. हा आवाज तिनं ऐकलेला नव्हता. दोन शब्द सुटे, मधे जागा, शेवट उचललेला नाही, खाली ठेवलेला. गाडी पकडायची नसलेल्या, दिवसभर एका जागी बसून गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या माणसाचा आवाज. श्वाससुद्धा आता ती आधी घेत होती. इतके दिवस कीर्ति दिवाळीच्या आधीची भारती काढत राहिली होती, आणि ती भारती कुठेच उरली नव्हती. फोनवर रोज बोलूनही कळलं नव्हतं. फोनवर कीर्ति स्वतःच जास्त बोलायची.

"एकोणीस," सार डोळे न उघडता म्हणाले. "त्रिपुरसुंदरी."

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. भवानी, भारती, कीर्ति, भजीवाला. मग नाकातून, अगदी हळू, "उळ्ळेन् ऐया."

सारांनी खूण केल्यासारखी पेन्सिल हलवली आणि डोळे उघडले.

"शाळेच्या बुकातल्या खुणा खोडा, सार," मॅडम आता पुन्हा मॅडम झाल्या होत्या. "तेवीसच्या तेवीस. गैरहजर लिहा, शाईनं. प्लास्टर निघेपर्यंत रोज गैरहजर. कमी पडलेल्या दिवसांच्या माफीचा अर्ज मी स्वतः लिहिते, ही वही आणि डॉक्टरचा कागद जोडून. मंजूर करायचा की नाही ते वरचे ठरवतील. नाही झाला, तर नाही."

"बरं, मॅडम," भारती म्हणाली. भवानीनं एक हातभर मोगरा मोजून मॅडमना दिला. मॅडमनी तो पैसे देऊनच घेतला.

दुसऱ्या दिवशी सारांनी हजेरीबुक आणि खोडरबर कीर्तिपुढे ठेवलं. एकतीस वर्षांत त्यांच्या बुकाला खोडरबर लागलेलं नव्हतं. "तुझे शब्द," ते म्हणाले, तमिळमध्ये. "तूच खोड." तिनं एकेक खूण पुसली. शिसं निघालं. पण सार पेन्सिल दाबून धरायचे. कागदावरून बोट फिरवलं की तेवीस बारीक खळगे लागत होते. त्यांवर सारांनी निळ्या शाईनं गैरहजर लिहिलं.

माफीचं पत्र पोंगलनंतर आलं. मंजूर होतं. त्याच आठवड्यात प्लास्टर निघालं, आणि सोमवारी भारती तिसऱ्या बाकावर आपल्या जागी येऊन बसली. वेणीत इतका मोगरा की मागच्या बाकानं तक्रार केली.

सार आले. खुर्ची वळवली, फूटपट्टी ठेवली, पापण्या खाली सोडल्या. ऊन एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर निघालं.

"बत्तीस. भारती."

कीर्तिनं सवयीनं श्वास घेतला. शेजारून ओ आली, सुटी सुटी, खाली ठेवलेली.

फूटपट्टी सरकली नाही. "श्वास एकीचा, ओ दुसरीची," सार डोळे मिटूनच म्हणाले. "मी काय लिहू?"

"शाईनं लिहा, सार," भारती म्हणाली.